न फिरवलेली टाकी

इझिकेलच्या जिभेला हाड नव्हतं आणि तेच त्याला नडलं. मुलगा नथानियल इस्रायलहून आला होता, आईबापाला कायमचं घेऊन जायला. रोह्यात आता आपलं कोण उरलंय, असं तो जेवताना बोलला आणि बापाचा पारा चढला.

"रविवारी तुझ्या आजोबाच्या फियाटमधनं तुला पेणला नेऊन आणतो. नाय जमलं, तर घर विकून तुझ्यासंगं येतो. जमलं, तर हा विषय परत काढायचा नाय."

नथानियल हसत व्हय म्हणाला. इझिकेलची बायको हन्ना भात वाढत राहिली.

इझिकेल गॅरेजवाला माणूस, फियाटचं इंजिन त्याने स्वतः बांधलं होतं. पेट्रोलच्या जुन्या टाकीची मात्र गंजून चाळण झालेली, म्हणून पेणच्या दत्तात्रेयकडून ॲल्युमिनियमची नवी बनवून घेतली. दत्तात्रेयचा हात चांगला, पण ॲल्युमिनियमचं वेल्डिंग भल्याभल्यांना घाम फोडतं. हवा भरून साबणाचं पाणी लावलं, तर सगळ्या सांध्यांवर बारीक बुडबुडे. पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत आडव्या पट्ट्या, त्यामुळे हात घालायची सोय नाही. उपाय एकच. आत फटी बुजवणारं पातळ सीलर ओतायचं, तोंडं बंद करायची आणि ते घट्ट होईस्तोवर टाकी या कुशीवरून त्या कुशीवर फिरवत राहायची. फिरवणं थांबलं की सगळं तळाला बसून त्याचा दगड होतो.

पुण्याहून मागवलेला सीलरचा डबा आला तो नेमका शुक्रवारी, दुपार कलल्यावर. वाळायला पुरता एक दिवस हवा, म्हणजे शब्बाथ, यहुद्यांचा शनिवारचा विसावा, सरेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. इझिकेलने घराच्या मागच्या शेडमध्ये सीलर ओतलं आणि टाकी फिरवायला घेतली. ऊन उतरलं तशी हन्नाने दिवे पुसायला काढले. आता शनिवारी रात्र पडेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे तेव्हापासूनचा हा नेम, म्हणून तर गाव त्यांना शनवारतेली म्हणे. गॅरेजही दर शनिवारी इझिकेलचा जुना साथीदार मोरूच सांभाळी.

"घट्ट होईस्तोवर फिरव," तो मोरूला म्हणाला. "कंटाळू नको."

"तुमी जावा, इझीदादा. मी हाय ना."

आंघोळ करून तो प्रार्थनेला बसला, मग जेवायला. मागून टाकी सरकल्याचा आवाज यायला हवा होता, तो येईना. मोरू हलक्या हाताने फिरवत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. उठून बघावं असं वाटलं खरं. पण बघितलं आणि हात शिवशिवले तर? तो बसून राहिला.

सकाळी शेडमध्ये गेला, तर टाकी जशी ठेवली होती तशीच पडलेली. हात मागे बांधून तो तिच्यापुढे उभा राहिला. तो अख्खा शनिवार त्याने ओट्यावर बसून काढला.

रात्र पडली तरी शेडकडे जायला त्याचं मन धजेना; रविवारी उजाडताच झाकण उघडून त्याने बॅटरी मारली. सीलर तळाला बसून पेट्रोलच्या नळीचं तोंड बुजलं होतं आणि वरचे सांधे तसेच कोरडे. टाकी फुकट गेली होती. तेवढ्यात मोरू आला.

"मेल्या, तुला सांगितलं काय नि तू केलंस काय?"

"वैनी बोलल्या, दिवा लागला, आता घरात काम नको. मी बोललो, सीलर बसंल. त्या बोलल्या, काम काय ते गॅरेजात करा, टाकी हितनं हलवू नका, घरी जा." मोरूने मान खाली घातली. "तुमच्या घरचा नेम, दादा. मी कसा मोडू?"

इझिकेलने कपाळावर हात मारला. नेमाचा हा धाक मोरूला त्यानेच तर घातला होता.

"बाहेरनं पेट्रोलचा कॅन बांधतो," मोरू म्हणाला. "नळी सोडली की पेणपर्यंत आरामात जाईल."

इझिकेलचं तिकडे लक्षच नव्हतं. स्वैपाकघराच्या दारात हन्ना उभी होती.

"सीलर बसंल हे तुला ठाऊक होतं?"

"व्हय. म्हणून तर मोरूभावजींना घरी धाडलं."

"अगो, मला बोलायचं होतंस."

"बोलले की. नथानियलला शीरा झाली तेव्हा बोलले, पोराकडं जाऊ या; ती चालाय लागली तेव्हा बोलले. माझी नात फोनातच मोठी झाली. दर वेळेला तुमी पान्हा उचलून गॅरेजात गेलात."

कुंपणानेच शेत खाल्लं, आता ओरडायचं कुणाच्या नावाने? त्यातही जिव्हारी लागलं ते हे, की तिने केलं त्यात नेमाला धरून बोट ठेवायला जागा नव्हती.

"पप्पा, जाऊ दे," नथानियल म्हणाला. "मी मस्करीत व्हय म्हणालो होतो."

"मी नव्हतो मस्करीत. कॅन राहू दे, मोरू, नाय जमलं. शब्द दिलाय, येतो. दोघांचे कागद कर." इझिकेलने टाकीचं झाकण लावलं आणि हन्नाकडे न बघता म्हणाला, "फक्त विमानात आमच्या जागा शेजारी-शेजारी घेऊ नको."