स्क्रीनवर नसलेलं जाळं

मुलगी बघायची ती पोह्यांवर, होडीत कुणी बघतं का! ऋतुजाला आधी गंमतच वाटली. आप्पा आणि मामा तिला होटगीहून उजनी धरणाच्या काठावर, एका बागायतदारांच्या शेतघरी घेऊन आले होते. मुलगा ऋतुराज. केळी, ऊस, आणि वर हौसेची शिडाची होडी. "दोघं फिरून या, बोला. आलीस की हो-नाही सांगून टाक," मामा म्हणाला. सांगायचं ते होच सांगायचं, हे आप्पांच्या तोंडावर दिसतच होतं. तिचंही मनातनं निम्मं हो झालेलं होतं म्हणा.

होडीत बसली आणि नाकाला ओढणी लावावी लागली. पाणी कसलं ते, हिरवा राडा नुसता! वर मेलेल्या चिलापी मासळ्या पोट वर करून तरंगत होत्या. "शी!" ती म्हणाली. ऋतुराजला ऐकूच गेलं नाही. त्याच्यापुढं तीन स्क्रीन लावलेले; एकावर नकाशा, एकावर वारा, एकावर पाण्याची खोली. नकाशातली उजनी कशी निळीशार! त्या यंत्राला घाण वास कुठला यायला.

"मला लग्नानंतर नोकरी करायची आहे," ती म्हणाली.

"हं. साडेचार मीटर," तो म्हणाला.

वारा फिरला, शीड डोक्यावर फडफडायला लागलं, तरी हा बाबा वाऱ्याच्या आकड्यावर बोट ठोकत बसलेला. अरे, एकदा मान वर कर की, भल्या माणसा! जन्म काढायचा याच्याबरोबर?

पुढं एका लहान होडीत एक बाई जाळं टाकून बसली होती. ती उभी राहून दोन्ही हात हलवायला लागली. "दादा, जाळं हाय! तिकडनं घ्या, तिकडनं!"

"इथं काही दाखवत नाही," तो स्क्रीनकडं बघत पुटपुटला.

"अहो, समोर बघा ना!" ऋतुजा ओरडली. तोवर होडी गचकन अडकली. जाळं खाली सुकाणूला गुंडाळलं होतं.

"थांबा, मी सोडवते. कापू नका, नवं हाय," बाई होडी वल्हवत जवळ आली. त्यानं चाकू काढला आणि सपासप कापून टाकलं. अर्धं जाळं मासळीसकट बुडालं. बाई तिथंच रडायला लागली.

"नकाशात नव्हतं," तो तिला म्हणाला. वर तोंड करून!

"मावशी..." ऋतुजा होडीच्या कडेवर वाकून म्हणाली.

त्यानं हात पँटीला पुसले आणि तो पहिल्यांदाच ऋतुजाकडं बघून हसला. "आपला ट्रॅक बघा नकाशावर. रेघ किती सरळ आलीय!"

परत येईपर्यंत ती त्याच्याकडं पाठ करून बसली.

काठावर सगळे वाटच बघत होते. ती उतरते न उतरते तोच ऋतुराजच्या आईनं लाडानं तिच्या तोंडात पेढा कोंबला. "लाजतीय बघा! पसंत हाय की!" त्या म्हणाल्या. मामानं टाळी वाजवली. आप्पा तर डोळे पुसायला लागले. बिचारे!

पेढा गिळला की झालं, सोयरीक पक्की. ऋतुजानं चार पावलं बाजूला जाऊन तो सगळ्यांदेखत थुंकून टाकला.

"अगं ए!" मामा ओरडला.

"आप्पा, मला या माणसाची किळस येतीय," ती म्हणाली. "चला घरी."

आप्पांनी एकदा लेकीकडं बघितलं, आणि चपला शोधायला लागले.