राखेचं दही

“वाटी झाक ना, अमोलची माय. राख पडून राहिली,” नत्थुजी म्हणाले.

“सीतादहीची वाटी माह्या सासूनं कधी झाकली नाही,” रुख्मिणीबाई म्हणाल्या.

कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात खडे मांडून दहीभात वाहायचा, हा नेम त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. पलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या होत्या. तिथल्या कोळसा यार्डात नत्थुजींची सगळी नोकरी झाली होती. पूजा होईपर्यंत दह्यावर करडा थर आला.

तिथून दोघं थेट ग्रामसभेला गेले. गावाच्या ई-क्लास माळावर, म्हणजे सरकारी गायरानावर, वीज केंद्राच्या नव्या संचाची राख टाकू द्यायची, की शेतीपंपांसाठी सौर पॅनल बसवायचे, ते ठरायचं होतं. दारातच सरपंच देवमननं नत्थुजींना गाठलं.

“काका, गाव तुमचं ऐकते. राखेच्या बाजूनं बोला. अमोलले पर्मनंट करतो म्हन्ते सायेब.”

अमोल, त्यांचा एकुलता मुलगा, त्याच केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता.

नत्थुजी बोलायला उठले. “म्या जिंदगीभर कोळसा ओढला. मले त्याची लाज नाही. त्याच्यावरच घर चाललं.” त्यांची नजर बायकांच्या घोळक्यात गेली. रुख्मिणीबाईंच्या मांडीवर ती वाटी तशीच उघडी होती. नत्थुजी थांबले, आणि पुढचं न बोलताच खाली बसले.

राखेच्या बाजूनं काही हात वर झाले. देवमननं सौरबद्दल विचारलं, तेव्हा पहिला हात रुख्मिणीबाईंचा होता.

“काकू, पोराचा तरी इचार करा.”

“पोरगं माह्यं हाय, देवमन. हातही माहाच हाय.”

बायका हसल्या. मग एकेक करत त्यांचे हात वर आले, मागून पुरुषांचेही. शेवटी नत्थुजींचा हात वर आला. त्यांच्या नखांत कोळशाची रेघ अजून होती. सौरचा ठराव मंजूर झाला.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. उद्यापासून अमोलनं यायचं नव्हतं.

“बाबा, माळावर पॅनल लावाले मानसं लागतीनच ना?” अमोल म्हणाला. इतक्यात रोजच्यासारखं लोडशेडिंग झालं. चिमण्यांवरचे लाल दिवे तेवढे चालू राहिले.

“दही उरलं काय?” नत्थुजींनी विचारलं.

“हाय. पन राखेचं हाय.”

“दे. माह्याच कोळशाची राख हाय ते.”

दारात बसून त्यांनी दही खाल्लं, आणि वाटी बोटानं निपटून घेतली.