आचाऱ्याची तपासणी

पहिला झारा संतरामच्या कानावर बसला. बुंदी पाडायचा, उकळत्या तेलातून नुकताच निघालेला झारा. कान धरून तो खाली बसतो तोच जळबा पाटलाची काठी त्याच्या उजव्या मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज भट्टीपाशी पुऱ्या लाटणाऱ्या बायकांनीही ऐकला. त्या लाटतच राहिल्या.

गुन्हा काय, तर हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याच्या आचाऱ्याची शी त्याने तपासायला मागितली होती.

संतराम बौद्धवाड्यातला, मॅट्रिक झालेला. रोज सायकलीवर जवळा बाजार गावाकडच्या सरकारी दवाखान्यात जायचा आणि लोकांनी डबीतून आणलेली शी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पोटात जंत आहेत की आव, ते लिहून द्यायचा. गाव त्याच्या कामाला नाक मुरडी. पाणवठ्यावर त्याच्या बायकोला, शालूबाईला, त्यावरून काय काय ऐकून घ्यावे लागे, ते तिचे तिला ठाऊक.

चौऱ्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात दवाखान्यातल्या एका वर्तमानपत्रात त्याने वाचले, की अमेरिकेची तीन माणसे जवळजवळ तीन महिने आकाशात राहून आली, आणि येताना त्यांनी रोजची शी वाळवून, पिशव्यांत भरून, नाव घालून परत आणली. मोठमोठे डॉक्टर ती तपासत बसले होते. वर जायच्या आधीही त्यांना वेगळे ठेवून खाणे मोजून दिले होते आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला तपासले होते. वर पोट बिघडले, तर ना आडोसा ना परतीची वाट. संतरामने ते शालूबाईला दोनदा वाचून दाखवले. आपले काम हलके नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणीतरी सांगत होते.

आणि तेच त्याला भोवले. गावचा आचारी दगडोबा आठवडाभर हगवणीने बेजार होता. संतरामकडून त्याने गुपचूप गोळ्याही नेल्या होत्या. तरी देवाचे काम म्हणून पोट आवळून तो भट्टीपुढे बसला. संतरामने त्याला आदल्या दिवशी घरी गाठून बाजूला घ्यायला हवे होते. पण भोळ्या माणसाला शहाणपण सुचले तेही भर पंगतीच्या तोंडावर.

"दगडोबा, आज तुमी भट्टीपुढून उठा," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "आभाळात जानाऱ्यायची शी तपासतेत, त्यायला रांधून घालनाऱ्याला बी तपासतेत. तुमची तपासल्याबिगर गावाला जेवू घालू नका."

प्रसादाच्या कढईपुढे शी! आणि मागणारा बौद्धवाड्यातला! शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण गावाने हाती येईल त्याने मारले. झारा खुद्द दगडोबाचा होता. संतराम मातीत पडूनही "जेवू नका" म्हणत राहिला, तेव्हा कोणीतरी त्याच्या तोंडावर टाच दिली. दोन दात निखळले. मग त्याला फरफटत वेशीबाहेर टाकले आणि पंगत बसली.

दोन दिवसांनी गाव ओकू-हगू लागले. चौथ्या दिवसापर्यंत पाच माणसे गेली. आता कोणाला तरी धरायलाच हवे होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही रीत आपल्याकडे जुनी. संतरामनेच सूड म्हणून डब्यांतली घाण विहिरीत ओतली, असे कोणीतरी म्हणाले आणि सगळ्यांना ते पटले.

पाचव्या दिवशी सकाळीच गावकऱ्यांनी त्याचे दार फोडले. रांजण फोडला. आड आलेल्या शालूबाईला केसांना धरून उंबऱ्यावर आपटले. तिचे कपाळ फुटले. संतरामला अंगणात ओढले, त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. जळबाने काठी डोक्यावर उगारली.

तेवढ्यात दगडोबा आला. त्याची बायको पहाटेच गेली होती आणि तशीच घरात पडून होती. खांद्यावर चार वर्षांची नात, चांगुणा. तिचे डोळे खोल गेले होते, मान लटकत होती.

"हिरीत कुनी काई टाकलं न्हाई," तो म्हणाला. "माझ्याच हातानं गेलं ते समद्यायच्या पोटात. मारायचं तं मंग मला मारा. आदी हिला बघू द्या त्याला."

जळबाची उगारलेली काठी खाली उतरली नाही, पण संतरामच्या डोक्यावर पडलीही नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांनी बांगलादेशच्या लढाईच्या साली निर्वासितांच्या छावणीत काम केले होते. हगवणीत पाजायचे मीठ-साखरेचे पाणी त्यांनीच संतरामला शिकवले होते. शालूबाईने कपाळावरचे रक्त पदराने पुसले आणि पाणी उकळून, मीठ-साखर घालून निवत ठेवले. संतरामने लेकरू मांडीवर घेतले. उजवा हात कामट्या बांधून गळ्यात अडकवलेला. डाव्या हातात चमचा धरून तो थांबला. डाव्या हाताने कोणी कोणाच्या तोंडात काही घालत नाही.

"उजवा चालत न्हाई," तो खालच्या मानेने म्हणाला.

दगडोबाने त्या कामट्यांकडे पाहिले. आजवर त्याने संतरामला अरेतुरेच केले होते.

"जो हाय त्या हातानं पाजा," तो म्हणाला, आणि तिथेच मातीत बसून रडू लागला.

चांगुणाने पहिला चमचा ओकून टाकला. दुसराही. संतरामने थोडे थांबून तिसरा दिला. दर श्वासाला त्याच्या बरगड्या दुखत होत्या, सुजल्या ओठांतून लाळ गळत होती, पण चमचा सांडत नव्हता. ऊन माथ्यावर आले तरी अंगणातले कोणी हलले नाही.

ऊन कलले तेव्हा चांगुणा त्याच्या मांडीवर मुतली. दीड दिवसात पहिल्यांदा. अंगात पाणी परतल्याची ती खूण होती. शालूबाई फडके घेऊन पुढे आली, तर त्याने मानेनेच नको म्हटले. ओल्या धोतराने तो तसाच बसून राहिला. जळबाने काठी भिंतीला टेकवली आणि तो आपले आजारी लेकरू आणायला घराकडे निघाला.