इस्त्रीच्या टेबलाची जागा

माझ्या धाकट्या जावेला तोंड नाही असं नाही. शेजारणीशी भांडताना ते चांगलं चालतं. माझ्यापुढे मात्र नुसती मान डोलावते आणि पाठ वळली की धुसफुसते. हा तिचा स्वभाव मला बिलकूल पटत नाही. आमच्या लाँड्रीत इस्त्री तीच करते, म्हणून चालवून घेते.

परवा माझा थोरला कुठल्याशा सभेहून आला नि म्हणाला, "आई, नवा नियम आलाय. कामावर कुणाला इजा होऊ नये म्हणून काय करायचं, ते काम करणाऱ्यांना विचारून ठरवायचं."

"मग मी विचारत नाही का?"

"तू सांगतेस."

म्हटलं, विचारूनच दाखवते. दुपारी सगळ्यांना इस्त्रीच्या टेबलापाशी गोळा केलं. ते दाराशी मीच मांडलंय, येणाऱ्या गिऱ्हाइकाला आमची घडी दिसावी म्हणून. शाळा चौथीत सुटली, पण अक्कल तिथे सुटली नाही, असा माझा आपला समज.

"इथे कुणाला काही त्रास असेल तर मोकळ्या मनानं सांगा," मी म्हणाले. "ज्याला जमत नसेल, त्याला दार उघडं आहे."

कुणालाच त्रास नव्हता. जावेनं तर दोनदा मान डोलावली. मी फुगले. "घे, झाली तुझी सभा."

थोरला हटेना. "काकूला विचार की, टेबलाची ही जागा बरोबर आहे का?"

"विचारायचं काय त्यात? करूनच दाखवते."

पदर खोचला, तापलेली इस्त्री घेतली आणि चादरीवर फिरवत भाषण सुरू केलं. लक्ष कामात असलं की काही होत नाही, वगैरे. माझं स्वतःचं लक्ष भाषणात. तेवढ्यात कामाला परतलेला आमचा धुलाईवाला अंगणातून कपड्यांचं भलंमोठं बोचकं घेऊन आत शिरला. बोचक्यापुढचं त्याला दिसतंय कुठे? धक्का बसला आणि माझं मनगट इस्त्रीला टेकलं. त्यावर मी जे बोलले ते दाराशी आलेल्या गिऱ्हाइकानं ऐकलं, इथे लिहिण्यासारखं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर भाजून दाखवलं.

जावेनंच मला ओढत नळाखाली नेलं. पाणी सोडताना तिची बाही वर सरकली. कोपरापर्यंत भाजल्याचे डागच डाग, काही जुने, एक अजून ओला.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"जाऊबाई, तुम्ही दार दाखवलंत. मला काम हवंय."

मी मनगटावर ओला फडका धरला. मग मी तिला म्हणाले, "तू भित्री आहेस आणि मी आगाऊ, पण डाग आगाऊपणाचे आहेत. काम तुझंच, कुणी काढत नाही. आता टेबल कुठे हलवायचं ते सांग, आणि तुझं सांगून व्हायच्या आत मी तोंड उघडलं, तर हा ओला फडका त्यात कोंब."