कोरडे बूट

आंघोळी उरकल्या की मी बादली पालथी घालते. तळाशी वाटीभर पाणी जरी उरलं तरी मला चैन पडत नाही. घरात दीड वर्षाची मुलगी आहे आणि ती दिसेल त्यात डोकं घालते. नवरा म्हणतो, "तुझं चाललं तर तू पाण्याच्या पेल्यालाही कुंपण घालशील." हाच माणूस एका रविवारी तळ्यात बुडायचं काम आनंदाने पत्करून आला, तेव्हा माझं काय झालं असेल ते सांगायला नको.

त्याचं असं झालं. माझी मोठी नणंद रुग्णवाहिकेवर काम करते. अपघात असो, अडलेलं बाळंतपण असो, दारात पहिली तीच उभी असते. तिच्या खात्यात सगळ्यांना काठावरच्या बचावाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं होतं. तळं, विहीर, खाण, जिथे पाण्याला ओढ नाही तिथे बुडणाऱ्याला स्वतः पाण्यात न उतरता बाहेर काढायचं. आधीच्या परीक्षेत ताई नापास झाली होती, आणि तीही पोहता येत नाही म्हणून नव्हे, फार चांगलं येतं म्हणून. सरावाचा पुतळा बुडताना दिसला आणि बाईसाहेबांनी थेट सूर मारला.

"आता मला दोघांना काढायचंय," शिकवणारे सर एवढंच म्हणाले.

हे सर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. सराव संपला की सगळ्यांना रांगेत उभं करून ते बूट तपासत. बूट ओला, की माणूस नापास. पाठीमागे सगळे त्यांना 'कोरडे सर' म्हणत. या खेपेलाही ताईचे बूट भिजले असते तर तिला गाडीवरून उतरवून कार्यालयात बसवणार होते. ताईला खुर्चीत बसवणं म्हणजे काय, ते आम्हाला घरात ठाऊक आहे. ती जेवतेसुद्धा उभ्याने.

"पुतळा ओरडत नाही," सर म्हणाले होते. "परीक्षेला ओरडणारा माणूस हवा." ताईने आपला भाऊ पुढे केला. ओरडण्यात त्याचा हात धरणारं आमच्याकडे कोणी नाही.

जुन्या खाणीत साचलेलं तळं होतं ते. हिरवट, गुळगुळीत, मला तर नुसतं बघूनच धडधडायला लागलं. काठापासून थोडं मागे पिवळी दोरी ताणली होती. अंगात लाइफ जॅकेट नाही त्याने दोरी ओलांडायची नाही. मी मुलीला कडेवर घेऊन दोरीच्या मागे उभी राहिले. शेजारी पिशवीत दोन टॉवेल, कपड्यांचे जोड आणि गरम पाण्याचा थर्मास. ताई हसली. "अगं, संसार मांडायला आलीस का?"

दुपारचे डबे खाऊन झाल्यावर नवऱ्याने जॅकेटचे पट्टे सैल केले. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा तर नुसताच लोंबत होता.

"तो लाव आधी," मी म्हटलं.

"काचतो गं."

"काचू दे."

"बुडायचं नाटक करायचंय, बुडायचं नाहीये. होडीत बसल्यावर लावतो, बास?"

होडीने त्याला तळ्याच्या मध्याकडे नेऊन सोडलं आणि ती सकाळच्या सरावात पलीकडच्या काठाला तरंगत गेलेला पुतळा आणायला गेली. त्याने काही पट्टा लावलेला दिसला नाही. मी हाका मारत होते, पण त्याचा खेळ सुरू झाला होता.

"वाचवा हो! मी कर्ता माणूस आहे! माझ्यामागे बायको कोणाला बोलणार?"

काठावर हशा पिकला. पहिली पाळी रुग्णवाहिकेच्या चालकाची. दोर भरलेली पिशवी त्याने फेकली ती बरीच अलीकडे पडली. "अहो, एवढ्यात तर माझं बारावंही होईल!" नवरा ओरडला. सर चालकाला पाय कसे रोवायचे ते दाखवायला वळले. सगळ्यांच्या माना तिकडे गेल्या.

मी मात्र पाण्याकडेच बघत होते. मला दुसरं येतं काय?

जॅकेट वर सरकून त्याच्या कानांपर्यंत आलं होतं. हात उडत होते, तोंड दिसत नव्हतं. "काय नाटकी आहे हो हा!" कोणीतरी कौतुकाने म्हणालं. पण आवाज थांबला होता. दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासूनसुद्धा बोलणारा माणूस तो.

"ताई! तो गप्प झालाय!"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाण्याकडे. तिचे गुडघे वाकले. काठाला टेकून उडी घेतानाची तिची ती ठेवण मी सहलींमध्ये कितीदा पाहिली होती. आणि खरं सांगते, माझा जीव ओरडत होता, मार उडी. जाऊ दे ती परीक्षा, मार उडी!

तिने नाही मारली. वाकलेली ती तशीच खाली बसली, बुटांच्या टाचा मातीत रुतवल्या. "मागून माझं जॅकेट घट्ट धर," ती चालकाला म्हणाली. मग, "सर, खरं आहे हे! होडी बोलवा!" सरांची शिट्टी वाजली. होडी वळली, पण ती फार लांब होती.

ताईची पिशवी सुटली. दोर त्याच्या अगदी जवळून गेला, पण जॅकेटमध्ये अडकलेल्या माणसाला दिसणार कसा? तिने दोर भराभर ओढून घेतला. तो पुन्हा पिशवीत भरत बसली नाही. रिकामी पिशवी काठाशीच बुडवून पाण्याने जड केली. आणि हे सगळं करताना ती बोलत होती. आमच्या मुलीला झोपवताना बोलते त्याच आवाजात, फक्त मोठ्याने.

"भोपळ्या! ऐकतोयस ना? मी आहे. आवाजाकडे पाठ कर. पाठीवर पड. जॅकेट दोन्ही हातांनी खाली ओढ. खाली. शाब्बास रे भोपळ्या."

लहानपणचं हे नाव तो घरातसुद्धा कोणाला घेऊ देत नाही. पण त्या हाकेसरशी हातांची तडफड थांबली. जॅकेट खाली आलं, नाक दिसलं. पाण्याने जड झालेली पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडली आणि दोर बरोबर खांद्यावर.

"दोर उजव्या खांद्यावर आलाय. धर. छातीशी घे. आता काही करू नकोस, मी आहे."

ती ओढू लागली. घाई नाही, हिसका नाही. विहिरीतून काठोकाठ भरलेली घागर वर घ्यावी तशी. तिच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. आवाजात मात्र त्याचा मागमूस नव्हता.

त्याची पाठ उथळ पाण्यात टेकली तसं मला राहवेना. मुलीला शेजारी उभ्या असलेल्या एका परिचारिकेच्या हातात कोंबलं, दोरी ओलांडली आणि धावले.

तो खोकला, पाणी ओकला, पुन्हा खोकला. मग बहिणीकडे बघून म्हणाला, "भोपळ्या काय सगळ्यांसमोर?"

तिने त्याच्या डोक्यात एक टपली मारली. मग तेच डोकं पोटाशी धरलं.

सरांनी आधी त्याची छाती तपासली, ताईच्याच गाडीतून त्याला दवाखान्यात न्यायला सांगितलं. लोंबणारा पट्टा त्यांनी हातात घेतला. "हा मी स्वतः ओढून बघायला हवा होता," ते म्हणाले. आणि मग, सवयच ती, खाली वाकून त्यांनी ताईच्या बुटाची नाडी चिमटीत धरली.

"कोरडे."

मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. माझे बूट पचपचत होते.

"तुम्ही नापास," ते म्हणाले.

गाडीत मी ताईच्या तळहातांना मलम लावलं. दोराने ते सोलवटून निघाले होते. नवरा डोळे मिटून पडला होता, मुलगी त्याच्या बोटाशी खेळत होती. मी हळूच विचारलं, "ताई, तेव्हा उडी मारावीशी वाटली?"

तिने हात मागे घेतले आणि काखेत दाबून धरले.

"अगं," ती म्हणाली, "अजून वाटतेय."