चटणीचं बोट

...काळ्या अक्षरांच्या मधोमध तांबडा, तेलकट ठसा – शेंगाचटणीचं बोट, ऋतुजाचंच. दिपालीनं ओढणीच्या टोकानं ई-रीडरचा पडदा पुसला, आणखी जोर देऊन पुसला, आणि पानं भराभर उलटत गेली. कुठं होती पोरगी? कुठल्या पानावर? पुस्तक असतं तर खूण असती, दुमडलेला कोपरा तरी... पण कोपरा दुमडू दिला असता का मी?

शाळा सुटायला अर्धा तास होता. नवऱ्यानं, बिरुदेवानं, सात रस्ता चौकातल्या दुकानातनं हा ई-रीडर आणल्यापासून नऊ वर्षांची ऋतुजा पालथी पडून, खात खात, त्यात डोकं घालून बसायची – पण वाचते, की नुसतं बोट फिरवते? ही धास्ती दिपालीला महिनाभर सोडत नव्हती. आणि समोर काचेच्या कपाटात गोष्टींची बारा पुस्तकं, खाकी कव्हरं घातलेली, कोरीच्या कोरी. मंगळवेढ्याला, माहेरी, घरात एकच पुस्तक होतं, वडिलांनी देव्हाऱ्यात ठेवलेलं. मेंढरांमागनं आलं की हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, पाय लागला तर पाया पडायचं... त्या एकासाठी मी केवढी आसुसले होते, आणि हिला बारा असून –

ऋतुजा आली, दप्तर टाकून चटणी-भाकरीवर बसली. दिपालीनं सांगून टाकलं, "माझ्याकडनं पानं हलली गं."

"हलू दे की. म्हातारीचं कोकरू हरवलं, तितं थांबलेले मी." दोन-तीनदा बोट फिरवून तिनं ती जागा काढलीसुद्धा.

वाचते पोरगी! दिपालीला इतकं बरं वाटलं, की तिनं हसत विचारलं, "मग कपाटातलं का न्हाय घेत?"

"त्याला हात धुवावं लागतंय. पाय लागला की पाया पडावं लागतंय. आणि तू बघत बसतीस." ऋतुजानं मान वर केली नाही. "मला भ्या वाटतंय, आई."

दिपाली उठली. कपाटातलं पहिलं हाती लागलं ते पुस्तक मांडीवर उघडलं, ऋतुजाच्या ताटातली चटणी बोटाला लावली. नुसतं टेकवायचं होतं – एवढा एक ठसा, मग पोरगी घेईल, लोळून वाचेल... ऋतुजा घास चावायची थांबून बघत होती. पान पांढरंशुभ्र होतं. देव्हाऱ्यापाशी उभे असलेले वडील दिपालीला स्पष्ट दिसले. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि तरीही तिचं बोट खाली जाईना.