एकेक गुडघा

सिनेमात ती हुकूम सोडते आणि तो आनंदाने ऐकतो. दोघंही चाळिशीचे, दोघांनीही हे आपखुशीने ठरवलेलं. तो तिच्यापुढे गुडघे टेकतो तो प्रसंग कंबरेपासून वर चित्रित केला आहे. गुडघे दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. ते ऐकवणं हे आमचं काम. पडद्याकडे बघत आमच्या स्टुडिओतले काका खरोखर चालतात, बसतात, कप ठेवतात आणि मी तो आवाज मुद्रित करते. पदार्थविज्ञान शिकून मी इथे लागले त्याला तीनच महिने झाले होते.

दिग्दर्शिकाबाईंनी हा आवाज दोनदा परत पाठवला होता. सकाळी त्यांचा फोन आला. "माणूस घाबरून कोसळतोय असं वाटतं. लोक म्हणतील, ती त्याला छळते. चारपर्यंत जमलं नाही तर प्रसंगच काढते."

"काढते म्हणे!" काका तडकले. "सगळा सिनेमा त्या बसण्यावर उभा आहे."

मी फळ्या बदलल्या, माइक हातभर मागे नेला. तरी आवाज धप्प असाच येई आणि आवाजाच्या आलेखावर एकच उंच टोक दिसे. तीन वाजले.

शेजारच्या खोलीत बूट, कुलपं, भांडी असं आवाजाचं सामान सांभाळणाऱ्या काकू, म्हणजे काकांच्या बायको, आत आल्या आणि त्यांनी एकदाच ऐकलं.

"अहो, पोतं टाकलंत की काय?"

"बसायचंच होतं ना? बसलो."

"घरी असे बसता?"

काका कानापर्यंत लाल झाले. "अगं, पोरीसमोर काय..."

"पोरगी पंचवीस वर्षांची आहे, आणि सिनेमा कशावर आहे ते तिला ठाऊक आहे." काकू माझ्याकडे वळल्या. "शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे माझं राज्य असतं. यांनीच मागून घेतलंय. बावीस वर्षं झाली."

"मग घरी कसे बसता, काका?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ते विचारात पडले. "आधी उजवा गुडघा. मग जरा थांबतो. मग डावा."

"थांबता का?"

"ती बघत असते. घाई कशाला करायची?"

काकू माइकच्या मागे उभ्या राहिल्या. एरवी नवऱ्याला अहो-जाहो करणाऱ्या काकू हळूच म्हणाल्या, "बस."

काका बसले. काकूंचा शब्द मी नंतर कापून टाकला. आलेखावर उरली दोन बुटकी टोकं, मध्ये पाऊण सेकंद, आणि त्यात एक सुटलेला श्वास. बाहेरच्या खोलीतून लगेच पाठवलं. पाच मिनिटांत फोन आला.

"हाच तो माणूस," बाई म्हणाल्या. "प्रसंग राहतोय."

सांगायला आत गेले, तर काका अजून फळीवरच होते. ऐकून त्यांनी डोळे मिटले. काकूंनी हात पुढे केला. "ऊठ आता."

"थांब," काका म्हणाले.

काकूंनी हात तिथल्या तिथे मागे घेतला. "काय झालं? दुखतंय?"

"छे. दोन मिनिटं राहू दे. बरं वाटतंय."

मी माइक बंद केला आणि दार ओढून घेतलं.